पुण्यात घर घ्यायचंय, पण कुठल्या भागात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एजंट नाही. धायरीतल्या आमच्या सोसायटीचा नऊ वर्षं सचिव आहे. टँकरची बिलं, लिफ्टचा कॉन्ट्रॅक्ट, पार्किंगची भांडणं हे सगळं माझ्याच टेबलावर येतं. त्यामुळे नात्यातलं किंवा ऑफिसातलं कोणी घर बघायला लागलं की फोन मला येतो. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

पुण्यात घर घ्यायला सगळ्यात चांगला भाग कोणता?

ज्याला विचाराल तो स्वतःचाच भाग सांगेल. कोथरूडकर कोथरूडच म्हणणार, पिंपळे सौदागरचा माणूस रस्त्यांची रुंदी ऐकवणार आणि सदाशिव पेठेतला तर बाकीच्या पुण्याला पुणे मानायलाच तयार नसतो. मुळात ‘भाग’ हा शब्दच फार मोठा आहे. बाणेरचंच घ्या. टेकडीच्या पायथ्याची शांत गल्ली बाणेरच, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून चोवीस तास ट्रकचा आवाज ऐकणारी बिल्डिंगही बाणेरच. जाहिरातीत दोन्हींचा पत्ता एकच.

भाग ठरवायचा तो फक्त यादी छोटी करण्यासाठी. घर घ्यायचं ते गल्लीत. ती गल्ली कोणाच्या हद्दीत आहे, तिथे पाणी कुठून येतं आणि पावसात ते कुठे जातं, ही तीन उत्तरं मिळेपर्यंत मी टोकनचा चेक लिहू देत नाही.

नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीत, माझं खराडीत. मधोमध घ्यावं का?

बहुतेक जोडपी आधी हेच म्हणतात. नकाशावर मध्य निघतो शिवाजीनगर किंवा खडकीच्या आसपास. तिथे भाव परवडत नाही, आणि परवडला तरी दोघंही रोज अडकतात. माझ्या मते ज्याची नोकरी बदलण्याची शक्यता कमी आहे, किंवा शाळेतून फोन आला की ज्याला धावावं लागतं, त्याच्या बाजूला घ्यावं. दुसऱ्याने गैरसोय सोसायची. हे ऐकायला गोड नाही, पण दोघांनी अर्धी अर्धी सोसण्यापेक्षा बरं.

आणि घाई नसेल तर अकरा महिन्यांचं भाड्याचं ॲग्रीमेंट करून त्या भागात राहून बघा. माझ्या भाच्याला वाकड फार आवडलं होतं. रविवारी दुपारी बघितलं होतं ना. पुढे सोमवारी सकाळी नऊला भूमकर चौकात उभा राहिला आणि तिथूनच मला फोन केला, “मामा, भाड्यानेच बघतो आधी.”

पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड आणि पीएमआरडीए यात राहणाऱ्याला फरक काय पडतो?

फार पडतो, आणि लोक हे सगळ्यात शेवटी विचारतात. हिंजवडी परिसरात दोन सोसायट्या हाकेच्या अंतरावर असतात. एक वाकड, ताथवडे किंवा पुनावळ्यात, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिकेत. दुसरी खुद्द हिंजवडी, माण किंवा मारुंजीत, म्हणजे ग्रामपंचायत, आणि बांधकामाची परवानगी पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. पहिल्या सोसायटीला महापालिकेचं पाणी, कचऱ्याची गाडी, ड्रेनेजची लाइन. दुसरीत यातलं बरंच काही सोसायटीच्या खिशातून. फ्लॅट बघताना हे दिसत नाही, कारण दोन्हीकडच्या लॉबीत तोच इटालियन मार्बल आणि तीच कृत्रिम झाडं असतात.

पुण्याच्या बाजूची गोष्ट समाविष्ट गावांची. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली: धायरी, शिवणे, उत्तमनगर, दोन्ही आंबेगाव, उंड्री, मुंढव्याचं केशवनगर, लोहगावचा उरलेला भाग वगैरे. २०२१ मध्ये आणखी २३ आली: सूस, म्हाळुंगे, वाघोली, नऱ्हे, पिसोळी, मांजरी बुद्रुक, नांदेड, किरकटवाडी अशी. २०१७ च्या अकरांतली उरुळी देवाची आणि फुरसुंगी नंतर परत बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे हद्दीत येणं आणि सोयी येणं या दोन वेगळ्या तारखा असतात. मिळकतकराचं बिल मात्र वेळेवर येतं.

विक्रीच्या ऑफिसात “आता हे पीएमसीतच आहे हो” म्हणून सांगतात. तेव्हा एकच विचारायचं: नळाला महापालिकेचं पाणी आजच्या तारखेला येतं का? ‘येणार आहे’ हे उत्तर ‘नाही’ म्हणून लिहून घ्या.

पाण्याची खरी परिस्थिती कशी कळते?

इथे जरा थांबून वाचा, कारण घराचा हप्ता संपतो, टँकर संपत नाही.

पुणे शहर मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांवर जगतं. पूर्वेकडच्या वडगाव शेरी, खराडी पट्ट्याला २०२१ पासून भामा आसखेड धरणाचं पाणी मिळायला लागलं. पिंपरी-चिंचवड पवनेवर अवलंबून आहे आणि तिथे २०१९ च्या अखेरीस पाणी दिवसाआड झालं. लोकांनी टाक्या वाढवल्या, सवय करून घेतली. पण दिवसाआड का होईना, ते नळाचं आणि शुद्ध केलेलं पाणी. ज्या गल्लीत लाइनच नाही तिथे बोअरवेल आणि टँकर. बोअरचं पाणी जड असेल तर वर्षभरात शॉवरची भोकं बुजतात, गीझरची कॉइल जाते आणि काळ्या ग्रॅनाइटवर पांढरे डाग कायमचे बसतात. फ्लॅट बघायला जाल तेव्हा बाथरूममधल्या नळाच्या तोंडाशी बोट फिरवून बघा. खरखरीत पांढरा थर लागला की बाकी काही विचारायची गरज नाही.

रिसेलचा फ्लॅट असेल तर आणखी सोपं आहे. गेटवरच्या वॉचमनकडे टँकरचं रजिस्टर असतं. जाड, कोपरे दुमडलेली वही. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, ड्रायव्हरची सही. “जरा एप्रिल-मेची पानं दाखवता का?” म्हणून गोड आवाजात विचारा. आमच्या वहीत एप्रिलचं एकेक पान दोन-तीन दिवसांत भरतं, ऑगस्टचं पंधरा दिवस पुरतं. ही वही कुठल्याही ब्रोशरपेक्षा खरी. वही दाखवत नसतील तर मेंटेनन्सचं शेवटच्या तिमाहीचं बिल मागा आणि त्यात ‘पाणी’ हा आकडा वेगळा आहे का ते बघा.

नवीन प्रोजेक्ट असेल तर महापालिकेची लाइन येईपर्यंत पाणी पुरवायची जबाबदारी बिल्डरने कागदावर घेतली आहे का, ते वकिलाला शोधायला सांगा. आणि ती सोसायटी स्थापन होताच संपते की नंतरही चालू राहते, हे नीट वाचून घ्या. आम्ही वाचलं नव्हतं.

आणखी एक. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण एकदम वाढले ते सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी याच पट्ट्यात, आणि संशय पाण्यावर होता. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या महिन्यात घराघरात पाणी उकळत होतं. तोपर्यंत आम्ही ‘पाणी किती’ एवढंच विचारायचो. ‘पाणी कसलं’ हा प्रश्न तेव्हापासून पहिल्या पानावर आला. टाकीत क्लोरीन कोण टाकतं, तपासणी शेवटची कधी झाली, हे कमिटीला विचारायला लाजू नका.

पेठा, कोथरूड, कर्वेनगर इथल्या लोकांना यातलं फारसं माहीत नसतं. त्यांचा पाणीप्रश्न म्हणजे “गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने” ही पेपरातली बातमी. आम्ही तीही बातमी हेव्याने वाचतो.

नदीकाठचा फ्लॅट छान दिसतो. घ्यावा का?

व्ह्यू छानच असतो. पण आधी पूररेषा विचारा. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. पाटबंधारे खात्याने आखलेल्या या रेषा विकास आराखड्यात दिसतात. तुमचा सर्व्हे नंबर कुठल्या रेषेच्या आत आहे, हे आर्किटेक्टला दाखवून घ्या.

पुण्याला १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर तोंडपाठ आहे, पण तो धरण फुटल्याचा. आताचे पूर वेगळे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते पार्किंगमध्ये गाड्या बुडालेल्या बघत. त्या आधी, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तर नदीचा संबंधच नव्हता. कात्रजच्या डोंगरावर पाऊस पडला आणि आंबिल ओढा सहकारनगर, अरण्येश्वरमधून भिंती पाडत गेला. ज्यांच्या खिडकीतून नदी दिसत नव्हती त्यांच्याही घरात पाणी शिरलं. म्हणून मी म्हणतो, नदीपेक्षा ओढा विचारा. नदी दिसते, ओढ्याला अनेक ठिकाणी पाइपात घालून वर रस्ता किंवा पार्किंग केलेलं असतं.

ओळखायचं कसं? पार्किंगच्या खांबांवर गुडघ्याच्या उंचीपर्यंत नवा रंग आणि वर जुना असेल तर थांबा. विजेचे मीटर जमिनीपासून छातीच्या वर बसवलेत का बघा. आधी खाली होते आणि मग वर नेले असतील तर भिंतीत जुने खिळे आणि पट्ट्यांच्या खुणा राहतात. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, “पावसाळ्यात माल खाली ठेवता का?” दुकानदार खोटं बोलत नाही, त्याचं साखरेचं पोतं भिजलेलं असतं.

डोंगराकडची, टेकडीलगतची घरं?

हवा चांगली, मोर ओरडतात. फक्त जागा हिल टॉप-हिल स्लोप किंवा बीडीपी आरक्षणात नाही ना, हे बघा. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे आणि तिथे जवळपास काहीच बांधता येत नाही. तरी उतारावर बंगलीचे प्लॉट विकणारे भेटतात.

‘न्यू खराडी’, ‘बाणेर अ‍ॅनेक्स’ म्हणजे नेमकं कुठे?

नेमकं म्हणजे खराडीत नाही आणि बाणेरमध्येही नाही. नावापुढे न्यू, अ‍ॅनेक्स, एक्स्टेंशन आलं की ॲग्रीमेंटच्या मसुद्यात मौजे, म्हणजे महसुली गाव, कुठलं लिहिलंय ते वाचा. मौजे खोटं लिहिता येत नाही. बहुतेक वेळा तिथे वाघोली, सूस, म्हाळुंगे किंवा त्याही पलीकडचं गाव निघतं. गाव वाईट असतं असं नाही. पण भाव गावाचा द्यायचा की अ‍ॅनेक्सचा, हे तुम्ही ठरवायचं.

स्वस्त पडतंय म्हणून अर्ध्या-एक गुंठ्याचा प्लॉट घेऊन बांधलं तर?

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. स्वस्त असतं कारण बहुतेकदा एनए (बिगरशेती) नसतं, तुकड्याची नोंद स्वतंत्र सातबाऱ्यावर झालेली नसते आणि बँक कर्ज देत नाही. बँक नाही म्हणते तेव्हा तिचं ऐकावं, तिचा वकील फुकटात तुमचं काम करत असतो.

जुन्या भागात जुना फ्लॅट की बाहेर नवा?

आई-वडील बरोबर असतील तर माझं मत जुन्याकडे झुकतं. दवाखाना, बँक, देवळात जाणं, संध्याकाळी कट्ट्यावर बसणं, सगळं चालत. बाहेरच्या मोठ्या टाउनशिपमध्ये बाग, क्लब हाउस सगळं असतं, पण कोथिंबीर आणायला ॲपच उघडावं लागतं. माझ्या सासऱ्यांनी नऱ्ह्यातला प्रशस्त थ्री बीएचके सहा महिन्यांत सोडला आणि नारायण पेठेतल्या जुन्या दोन खोल्यांत परत गेले. “इथे खाली उतरलं की माणूस भेटतं,” एवढंच कारण.

जुन्यात तीन गोष्टी तपासा. लिफ्ट आहे का. पार्किंग तुमच्या नावावर आहे का. पेठांत दुचाकी लावायलाही वाद होतात. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: सोसायटीचं कन्व्हेयन्स झालं आहे का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का. नसेल तर इमारत तुमची आणि जमीन अजून मूळ मालकाची किंवा बिल्डरची. बिल्डर सही करत नसेल तर मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा मार्ग आहे, पण त्यात वेळ जातो.

कोथरूड, कर्वेनगर, एरंडवण्यात सध्या गल्लोगल्ली रिडेव्हलपमेंट चालू आहे. ‘रिडेव्हलपमेंटला जाणारी बिल्डिंग’ म्हणून चढा भाव सांगतात. करार झाला असेल तर कागद मागा. ‘चर्चा चालू आहे’ असं असेल तर लक्षात घ्या, आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत ही चर्चा मुलांच्या मुंजीपासून लग्नापर्यंत चालली.

विमानतळ, लष्कर, कचरा डेपो यांचा त्रास?

विमाननगर-लोहगावात सकाळी हवाई दलाची लढाऊ विमानं उडतात. खिडक्यांच्या काचा थरथरतात, लहान बाळ असेल तर ध्यानात घ्या. निगडी, तळवडे, दिघी बाजूला संरक्षण खात्याच्या दारूगोळा कोठारांभोवती रेड झोन आहे. हा नदीच्या लाल रेषेपेक्षा वेगळा, आणि यात बांधकामच अनधिकृत ठरतं. फुरसुंगी-उरुळीच्या कचरा डेपोचा वास वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून असतो, त्यामुळे एका भेटीत तो कळेलच असं नाही.

मेट्रो जवळ आहे म्हणून जास्त पैसे द्यावेत का?

जी धावते आहे तिचे द्या. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी ते स्वारगेट या मार्गांवर लोक रोज जातात. पण स्टेशनपर्यंत स्वतः चालून बघा, फूटपाथवरून. नकाशावर ७०० मीटर असतं आणि मध्ये हायवे ओलांडायचा असतो. बॅनरवरच्या मेट्रोचे पैसे बिल्डरला आधीच मिळतात, तुम्हाला ती कधी मिळेल त्याचं त्याला काही नसतं.

शाळेचं काय?

मुलं लहान असतील तर शाळा आधी, घर नंतर. बसने एका बाजूला तास घालवणारी मुलं मी रोज गेटवर बघतो. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली प्रवेश हवा असेल तर शाळेपासूनचं अंतर एक किलोमीटर, मग तीन किलोमीटर असं धरतात. त्यामुळे पत्ता खरोखरच महत्त्वाचा.

सांगितलेला भाव खरा की फुगवलेला?

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या इमारतीतल्या आधीच्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू बघता येते. कोणता फ्लॅट किती रुपयांना गेला ते तिथे आहे. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी मूल्यांकनाचा दरही तिथेच मिळतो. एजंटसमोर बसून फोनवर इंडेक्स टू उघडला की बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव.

भागानुसार सरकारी खर्च बदलतो का?

मुद्रांक शुल्क पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीत सगळे अधिभार धरून ७ टक्के, घर बाईच्या एकटीच्या नावावर असेल तर ६. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. भोगवटा पत्र (राहायला परवानगीचा दाखला) न मिळालेल्या नव्या घरावर जीएसटी ५ टक्के, परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसलं तर १. भोगवटा पत्र मिळालेल्या घरावर काही नाही. पुणे महापालिकेत स्वतः राहत असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, पण त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. रिसेल घेणारे हा अर्ज हमखास विसरतात आणि मग माझ्याकडे बिल घेऊन येतात.

महारेरात नोंद आहे म्हणजे निर्धास्त का?

नोंद हवीच. पण महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण, प्रकल्पाची कागदपत्रं आणि मुदत दाखवतं, तुमच्या गल्लीत उन्हाळ्यात नळाला पाणी येतं का ते दाखवत नाही. तिथे अपलोड केलेला मंजूर नकाशा मात्र उघडून बघा. समोरची ‘मोकळी हिरवी जागा’ म्हणजे पुढच्या टप्प्यातली २२ मजली विंग असू शकते.

भाग बघायला कधी जावं?

एजंट बोलावेल तेव्हा सोडून कधीही. सकाळी साडेआठला, रात्री साडेदहाला, आणि जुलैत सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर. रात्री गॅलरीतल्या दिव्यांची संख्या मोजा. अर्ध्याहून अधिक फ्लॅट अंधारात असतील तर गुंतवणूकदारांनी घेऊन ठेवलेले असतात, आणि मेंटेनन्सची थकबाकी हमखास तिथेच असते. मंगल कार्यालय जवळ असेल तर मुहूर्ताच्या दिवशी जा.

तुम्ही स्वतः धायरी का निवडलीत?

स्वस्त होती म्हणून. गाव तेव्हा ग्रामपंचायतीत होतं. विक्रीच्या ऑफिसातल्या मुलाने भिंतीवरच्या नकाशावर पेनने रेघ ओढून दाखवली होती, “इथून काका, दोन वर्षांत कॉर्पोरेशनची लाइन.” बिल्डरचं नाव घेत नाही, तो आता दुसऱ्या गावात तशीच रेघ ओढत असेल. आज आमच्या नळाला महापालिकेचं पाणी येतं, पण पुरत नाही, आणि बाकीचं टँकर भरून काढतो. तरी सोडून जावंसं वाटत नाही. पावसाळ्यात गच्चीवरून सिंहगड दिसतो, शेजारी चांगले आहेत, आणि मुलीची शाळा चालत आठ मिनिटांवर आहे.

आता फोन ठेवतो, गेटवर टँकर आलाय. सही माझीच लागते.